जावर : खापरांच्या डोंगराकडे जाणारी वाट

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर अरवलीच्या रांगांत जावर नावाचे जुने गाव आहे. अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सोडून आत वळल्यावर टीडी नदीचे खोरे लागते. नदी लहान आहे. पावसाळा सरला की तिचे पात्र दगडगोट्यांचे होते. दोन्ही बाजूंना मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई अशी नावे असलेले डोंगर आहेत. फार उंच नाहीत, चढही अंगावर येणारा नाही. पळस, धावडा, सालई, खैर, बोर अशा कोरड्या प्रदेशातील झाडांचे विरळ रान आहे. पळसाला येथील लोक खाखरा म्हणतात. हिवाळ्यात किंवा फाल्गुनात, पळस फुललेला असताना, जावरमातेच्या देवळापासून जुन्या गावाच्या दिशेने निघालेल्या माणसाला ही वाट कोणत्याही अरवली टेकडीवरच्या वाटेसारखीच वाटते. काही अंतर चालल्यावर मात्र पायाखालचा आवाज बदलतो. माती संपते आणि खापरे सुरू होतात.

ही खापरे म्हणजे फुटलेली गाडगीमडकी नव्हेत. वीतभर ते दीड वीत लांबीची, एका टोकाला बंद आणि फुगीर, दुसऱ्या टोकाला निमुळती, भाजून काळी-तांबूस, काही ठिकाणी काचेसारखी चकाकणारी अशी ही पात्रे आहेत. आकार थेट वांग्याचा. ती शेकड्यांनी नव्हेत, लाखोंनी पडली आहेत. ज्यांना आपण टेकाडे समजतो त्यांतली कित्येक टेकाडे मातीची नसून याच पात्रांची आणि भट्ट्यांतील राखेची आहेत. त्यांचे वजन लाखो टनांत मोजावे लागते. जुन्या गावातील पडक्या घरांच्या भिंतीही विटांच्या नाहीत. वापरून झालेली ही पात्रे एकावर एक आडवी रचून, मातीत बसवून त्या उभारलेल्या आहेत. टाकाऊ वस्तू इतकी मुबलक होती की वीट भाजण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

जस्त हा धातू व्यापारी प्रमाणावर गाळण्याचा, आजवर ज्ञात असलेल्या पुराव्यांनुसार, जगातील सर्वात जुना उद्योग या खोऱ्यात चालत होता. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास त्याने मोठे रूप धारण केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो थांबला. खाणी त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. जावरमालेच्या जुन्या भुयारांत सापडलेल्या लाकडांचे कार्बनमापन इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांपर्यंत जाते. त्या काळी येथे शोध होता तो बहुधा शिशाचा आणि शिशातून निघणाऱ्या चांदीचा. कातळाला आग लावून तापवायचा आणि तडकला की फोडायचा, अशी खोदकामाची रीत होती. म्हणून भुयारांच्या भिंती कोरल्यासारख्या धारदार नाहीत, वाटोळ्या व गुळगुळीत आहेत, आणि त्यांवर काजळी आहे. अशाच एका जुन्या खाणीत राणा प्रतापाने आश्रय घेतला होता, अशी लोकश्रुती आहे. श्रुतीचे सत्यासत्य काहीही असो, राजाला लपायला पुरेल एवढी पोकळी त्या आधीच कुणीतरी डोंगराच्या पोटात खणून ठेवली होती, हे तिच्यातून आपोआप नोंदले गेले आहे.

शिसे, तांबे, कथील हे धातू खनिजातून काढणे तुलनेने सोपे. खनिज कोळशासह तापवले की धातू वितळून तळाशी बसतो. जस्ताचे तसे नाही. ज्या तापमानाला त्याचा प्राणवायूशी असलेला संबंध तुटतो, ते तापमान जस्ताच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे ९०७ अंश सेल्सियसच्या, वर आहे. त्यामुळे जस्त जन्मतःच वाफ होऊन बाहेर पडते, आणि हवेशी गाठ पडताच पुन्हा जळून पांढरी भुकटी होते. हा धातू हाती लागायचा तर त्याची वाफ हवा न लागू देता थंड करावी लागते. जगातील बहुतेक संस्कृतींना पितळ फार पूर्वीपासून ठाऊक होते, कारण तांबे आणि जस्ताचे खनिज एकत्र तापवले की ती वाफ तांब्यात मुरते आणि पितळ तयार होते. पण पितळाला पिवळेपण देणारा पदार्थ स्वतंत्रपणे डोळ्यांना दिसला नव्हता, याचे कारण हेच.

जावरच्या कारागिरांनी काढलेला तोड असा. भाजलेले खनिज, कोळसा, मीठ व इतर द्रव्ये कालवून त्यांच्या लहान गोळ्या करायच्या. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या पात्रात त्या भरायच्या. पात्राच्या तोंडाला धोतऱ्याच्या फुलासारखी, कर्ण्याच्या आकाराची मातीची नळी जोडायची आणि तिच्यातून एक काडी आत खोवून ठेवायची. मग पात्र उलटे करायचे. काडीमुळे आतले द्रव्य खाली घसरत नाही. भट्टी तापल्यावर काडी जळून जाते, पण तोवर गोळ्या एकमेकींना चिकटून द्रव्य जागच्या जागी धरलेले असते आणि काडीच्या जागी वाफेला उतरायला पोकळ वाट तयार झालेली असते. भट्टीचे दोन मजले. वरच्या मजल्यात आग आणि उलटी पात्रे. मध्ये भोके असलेल्या मातीच्या चौकोनी फरश्यांची चाळण. भोकांतून नळ्या खाली उतरलेल्या, आणि खालच्या थंड कोठीत जस्त झेलणारी भांडी. ऊर्ध्वपातनात वाफ वर जाते, हे सामान्य ज्ञान. येथे ती खाली उतरवली आहे. रसशास्त्राच्या परिभाषेत हे अधःपातन.

१९८३ साली बडोद्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त उत्खननात अशा भट्ट्यांची एक सलग ओळ उजेडात आली. प्रा. के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडक ही त्या कामाशी निगडित प्रमुख नावे. एका ओळीत सात भट्ट्या. प्रत्येक भट्टी जेमतेम सव्वादोन फूट चौरस आणि तिच्यात सहा ओळींत सहा, अशी छत्तीस पात्रे. सातही भट्ट्या एका वेळी पेटल्या तर दोनशे बावन्न पात्रे. गाळण काही तासांत संपे आणि प्रत्येक पात्र एकदाच वापरले जाई. आतला मळ पात्राशी एकजीव होई आणि ते टाकून द्यावे लागे. म्हणजे पुढच्या गाळणीला पुन्हा दोनशे बावन्न नवी पात्रे हवीत, आणि ती सारी एका मापाची, कारण चाळणीतील भोके ठरलेल्या अंतरावर आहेत. जावरचा उद्योग खाणवाल्यांचा आणि भट्टीवाल्यांचा होता तितकाच तो कुंभारांचा होता. इतिहासलेखनात कुंभार सहसा येत नाही. जावरमध्ये त्याला वगळून एक पाऊलही टाकता येत नाही, कारण ते पाऊल त्याच्याच कामावर पडते.

साहित्याच्या अभ्यासकाला या स्थळाचे विशेष आकर्षण वाटावे ते आणखी एका कारणाने. वांग्याच्या आकाराचे हे पात्र एका संस्कृत ग्रंथात आधीपासून बसलेले आहे. वाग्भटाच्या नावावर असलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ सामान्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातला मानतात. त्यात मुशींच्या प्रकारांत ‘वृन्ताकमूषा’ म्हणजे वांग्याची मूस आहे. तिला बारा अंगुळे लांबीची, धोतऱ्याच्या फुलासारखी तोंड पसरलेली नळी जोडावी आणि खर्पराचे सत्त्व काढण्यासाठी ती वापरावी, असे सांगितले आहे. दुसऱ्या ठिकाणी पाण्याने भरलेले पात्र कोष्ठीत ठेवून, त्यावर सच्छिद्र झाकणी ठेवून, तिच्यावर मूस पालथी घालावी आणि बोरीच्या कोळशाने तापवावी, असा विधी आहे. ज्वाळेचा रंग निळ्याचा पांढरा झाला की काय करावे तेही दिले आहे. हे निरीक्षण ग्रंथावरून ग्रंथ रचणाऱ्याचे नाही. भट्टीजवळ उभे राहून ज्याने डोळे चोळले असतील त्याचे आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या विधींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मात्र पुढची ऐंशी वर्षे हे वर्णन आणि जावरची टेकाडे वेगवेगळ्या ज्ञानशाखांत पडून होती. संस्कृतज्ञांना टेकाडे ठाऊक नव्हती आणि खाणीतल्या अभियंत्यांना श्लोक.

ग्रंथ आणि भूमी यांचा मेळ बसतो, म्हणून दोन्ही एकच गोष्ट सांगतात असे मात्र नाही. ‘रसरत्नसमुच्चया’च्या आरंभी सत्तावीस रससिद्धांची नामावळी आहे, मूस घडवणाऱ्या एकाही हाताचे नाव नाही. ग्रंथातले प्रमाण औषधापुरते आहे. तेथे हिरडा, लाख, गूळ, टाकणखार, दूध, तूप अशी द्रव्ये मिसळायला सांगितली आहेत. जावरला दुधातुपाची भट्टी शक्य नव्हती. तेथे कोळसा आणि मीठ पुरेसे ठरले. वैद्याच्या कोष्ठीतून कारखाना निघाला, की कारखान्यात चाललेले पाहून वैद्याने ते श्लोकबद्ध केले, हा प्रश्न केवळ कालक्रमाचा नाही. ग्रंथ आधी आणि व्यवहार नंतर असे मानण्याची आपल्या विद्वत्तेची सवय जुनी आहे. जावरपुरते बोलायचे तर ज्वाळेच्या रंगाची ती खूण दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवते.

शब्दांचा इतिहासही येथे तपासण्यासारखा आहे. संस्कृत रसग्रंथांत जस्ताच्या खनिजाला ‘रसक’ किंवा ‘खर्पर’ म्हणतात, आणि त्यातून निघणारे सत्त्व वंगासारखे, म्हणजे कथलासारखे, दिसते असे वर्णन येते. धातूला स्वतंत्र नाव मिळायला वेळ लागला. चौदाव्या शतकातील मदनपालाच्या निघंटूत ‘जसद’ स्वतंत्र धातू म्हणून येते. पुढे पंडितांनी त्याला ‘यशद’ असे घासूनपुसून संस्कृत रूप दिले, जणू तो यश देणारा. अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त जावरच्या खाणीचा निर्देश आहे. ‘खर्पर’ शब्दाचा दुसरा अर्थ मडक्याचा तुकडा किंवा कवटी. त्यातूनच मराठीचे ‘खापर’ आले. जे खनिज म्हणून भट्टीत गेले त्याचे नाव खर्पर, आणि जे मागे उरले तेही खापरच. हा योगायोग असला तरी जावरच्या वाटेवर तो सहज विसरता येत नाही.

मराठीत खापर फोडण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि जावरच्या संदर्भात मराठी वाचकाला त्याला सामोरे जाणे भाग आहे. मेवाडचा पहिला इंग्रज पोलिटिकल एजंट जेम्स टॉड १८१८ पासून १८२२ पर्यंत उदयपुरास होता. राजपुतान्यावरील त्याच्या ग्रंथाचे दोन खंड १८२९ आणि १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. जावर आणि दरीबा येथील खाणींपासून अर्धशतकापूर्वी वर्षाला तीन लाखांवर उत्पन्न येत असे, असे त्याने लिहिले. जावरची खाण त्याने कथलाची म्हटली. वंग आणि जसद यांचा जुना घोटाळा त्याच्याही लेखणीत उतरलेला दिसतो. खाणी बुडाल्याचे कारण त्याच्या दृष्टीने स्पष्ट होते : मेवाडची सारी दुर्दशा मराठ्यांनी केली.

हे कथन केवळ परक्याचा पूर्वग्रह म्हणून बाजूला सारता येत नाही. १७३६ मध्ये पहिला बाजीराव उदयपुरास गेला तेव्हा मेवाडने दरसाल एक लाख साठ हजारांची खंडणी कबूल केली. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपुरास वेढा घातला. वेढा उठवण्यासाठी साठ लाखांहून अधिक रकमेचा करार झाला, आणि ती फिटेपर्यंत जावद, जीरण, नीमच हे परगणे तारण गेले. (त्यातले जावद वेगळे, आपले जावर वेगळे, नावसाधर्म्यामुळे अनेक वाचनांत गोंधळ होतो.) त्यानंतरची चाळीस वर्षे शिंदे, होळकर आणि अमीरखान यांच्या फौजा मेवाडातून आलटून पालटून गेल्या. फौजांच्या वाटेवर कोळसा भाजणारे, बैलांवरून मीठ आणणारे आणि पात्रे घडवणारे लोक आपले काम चालू ठेवू शकत नाहीत. धातू गाळण्याच्या उद्योगाला खाणीतील खनिजाइतकीच गावातील शांतता लागते. मराठी इतिहासलेखनात या मोहिमांची नोंद बहुधा वसुलीच्या आकड्यांनी संपते. ते आकडे ज्या हातांतून निघाले त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी जावरसारखे ठिकाण हवे.

तरीही सारे खापर एकाच माथी फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. चूंडावत आणि शक्तावत या मेवाडच्या दोन बलिष्ठ सरदारकुळांतील वैराने दरबार आतून पोखरला होता. मराठी फौजांना आमंत्रणे धाडणाऱ्यांत तेही होते. १८१२-१३ च्या दुष्काळाने खोरे ओस पाडले, आणि खाणी त्यानंतर बंदच राहिल्या. शतकानुशतके खणलेल्या भुयारांना खोलवर पाणी लागणे, आणि भट्ट्यांच्या कोळशासाठी भोवतालचे रान दूर दूर सरकत जाणे, हे कोणत्याही जुन्या खाणीचे भोगही जावरला असणारच. त्यापलीकडे एक कारण टॉडच्या नजरेच्या टप्प्याबाहेरचे आहे. चिनी जस्त कंपन्यांच्या जहाजांतून सतराव्या-अठराव्या शतकांतच भारताच्या बंदरांत उतरत होते. १७३८ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले. १७९८ मध्ये रूबर्गने सायलेशियात आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डोनीने लीजमध्ये नव्या भट्ट्या उभारल्या. १८२० नंतर सायलेशियाचे स्वस्त जस्त भारतात येऊ लागले. फौजा आणि दुष्काळ यांनी भट्टी विझवली असेल; ती पुन्हा पेटू दिली नाही ती बाजारपेठेने. १८१८ च्या तहानंतर मेवाडात शांतता आली, लोक परतले, शेती वर आली. जावर मात्र परतले नाही. दोष केवळ मराठ्यांचा असता तर असे झाले नसते.

चॅम्पियनच्या भट्टीतही वाफ खाली उतरवलेली आहे. हे साम्य इतके नेमके आहे की जावरची विद्या कोणत्या तरी मार्गाने पश्चिमेस गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. चीनमधील पद्धती, जिचे वर्णन सोंग यिंगशिंगच्या १६३७ च्या ग्रंथात आहे, मुळातच निराळी होती. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ मध्ये जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला, आणि तेव्हापासून या नावाभोवती अभिमानाचा सूर चढा लागू लागला. अभिमानाला हरकत नाही. पण ‘आम्ही जगाच्या आधी’ असे म्हणताना त्या ‘आम्ही’त नेमके कोण येते? चौदाव्या-पंधराव्या शतकांतील खाणीच्या पैशावर जावरला जैन मंदिरे उठली. राणा कुंभाची कन्या आणि गिरनारच्या मंडलिकाची राणी रमाबाई माहेरी परतल्यावर तिने येथे कुंड आणि विष्णुमंदिर बांधले. तिचा शिलालेख १४९७ चा आहे आणि त्याची भाषा प्रशस्तीची, अलंकारांनी लवलेली आहे. राणा लाखाच्या काळात खाण सापडली, असे बखरींचे सांगणे. म्हणजे शोध राजाचा, मंदिर राणीचे, विधी सिद्धांचा. उरलेले सगळे वाटेवर पडले आहे.

मेवाडच्या त्याच पडत्या काळातली दुसरी एक घटना साहित्यात अमर झाली. राजकन्या कृष्णाकुमारीला १८१० मध्ये विष देण्यात आले, कारण तिच्या विवाहावरून जोधपूर आणि जयपूर एकमेकांवर उठले होते. मायकेल मधुसूदन दत्तांचे ‘कृष्णकुमारी’ हे बंगाली नाटक १८६१ चे. भारतीय शोकांतिकेच्या इतिहासात त्याला स्थान आहे. त्या विषानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत, उदयपुरापासून एका दिवसाच्या वाटेवर, पाच-सहा शतके जळत असलेल्या भट्ट्या विझल्या. त्यावर कोणी नाटक लिहिले नाही. शोकाला नायिका लागते. खोऱ्याला नायिका नसते.

विसाव्या शतकाच्या चाळिशीत जावरच्या खाणी आधुनिक पद्धतीने पुन्हा सुरू झाल्या. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २००२ मध्ये तिचे खाजगीकरण झाले. नव्या खाणी जुन्या डोंगरांतच आहेत. खोलवर उतरणाऱ्या यंत्रांना अधूनमधून जुनी भुयारे आडवी येतात, त्यांतून लाकडी शिड्या, टेकू, पाणी वाहून नेणारे पाट निघाले आहेत. जुन्या माणसांनी कुठे खणले होते हाच नव्यांना खनिजाचा पहिला निर्देश ठरला. भोवतालची वस्ती मुख्यतः भिल्ल आणि मीणा आदिवासींची आहे. त्यांच्या शेळ्या खापरांच्या टेकाडांवर चरतात, आणि त्यांच्या खुरांखाली पात्रे घरंगळत वाटेवर येतात.

अशा घरंगळलेल्या पात्रांपैकी एखादे फुटलेले असते आणि आतला घट्ट झालेला काळा मळ उघडा पडलेला असतो. त्याच्या मध्यभागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटाएवढे एक सरळ भोक असते. काडी जळाली तिथले.